अनौपचारिक भेटीनंतरचा मेल: कधी, काय आणि किती लिहायचं

एखाद्या परिसंवादात, प्रवासात किंवा मित्राच्या मित्राकडे तुमची कोणाशी तरी ओळख होते. गप्पा कामावर येतात. ती व्यक्ती ज्या कंपनीत आहे तिथे काम करायला तुम्हाला मनापासून आवडेल, आणि निघताना ती म्हणते, "संपर्कात राहू या." अडतं ते यापुढे. मुलाखत झाली असती तर आभाराचा मेल कसा लिहायचा ते सगळ्यांना ठाऊक आहे. अर्ज केला असता तर त्याचाही साचा तयार आहे. इथे ना अर्ज, ना मुलाखत. मग काय लिहायचं, लिहिलं तर गळेपडू वाटेल का, या घोळात आठवडा जातो आणि मेल राहूनच जातो.

लिहायचंच. आपण समोरच्याला फारसे भावलो नसू, ही धास्ती बहुतेक वेळा खोटी असते. २०१८ मध्ये मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला लावलं आणि नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं. आपण समोरच्याला किती आवडलो असू याचा लोकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला. म्हणजे बोलणं संपल्यावर "मी जरा जास्तच बोललो", "काहीतरीच विचारलं" असं तुम्हाला वाटत असताना समोरच्याच्या मनात तुमच्याबद्दल बरं मत असण्याची शक्यताच जास्त.

दुसरी गोष्ट, नोकरी शोधताना अशा जुजबी ओळखी फार मोलाच्या असतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या एका शोधनिबंधात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांची पाहणी मांडली होती. ज्या माणसाकडून नोकरीची खबर लागली त्याच्याशी वरचेवर भेट होणारे त्यात जेमतेम १६.७ टक्के होते. बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच होत असे. कारण उघड आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं, नवी खबर दूरच्या वर्तुळातून येते. तुमची परवाची भेट ही अशीच दूरच्या वर्तुळातली ओळख आहे. ती टिकवायची असेल तर पहिलं पाऊल तुम्हालाच टाकावं लागेल, कारण गरज तुम्हाला आहे.

फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हा मेल नोकरी मागण्यासाठी नाही. झालेल्या बोलण्यातला एक धागा पकडायचा आणि तो थोडा पुढे न्यायचा, एवढंच त्याचं काम. पुढे जे काही सांगतो आहे ते सगळं यातूनच निघतं.

आधी टिपण, मग मेल

भेट संपल्यावर, शक्यतो घरी पोचायच्या आतच, फोनमध्ये चार ओळी लिहून ठेवा. नाव आणि पद तर हवंच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांनी कोणत्या अडचणीबद्दल सांगितलं, कोणते शब्द वापरले, आणि कोणी कोणाला काय पाठवायचं ठरलं. "मी तुला ती लिंक पाठवते" किंवा "तुमचं काम बघायला आवडेल" अशी वाक्यं जशीच्या तशी लिहा. दुसऱ्या दिवशी तुम्हाला भेटीचा सूर आठवेल, शब्द आठवणार नाहीत. आणि मेलमध्ये कामाला येतात ते शब्दच.

तुम्ही स्वतःबद्दल काय सांगितलं होतं तेही टिपा. गप्पांच्या भरात "मी ते हाताळलं आहे" असं बोलून गेला असाल आणि मेलमध्ये वेगळंच लिहिलंत, तर वाचणाऱ्याला खटकतं.

भेट कोणत्या प्रकारची होती, ते प्रामाणिकपणे ठरवा

त्यांनी स्वतःहून काही मागितलं असेल (सीव्ही, कामाचे नमुने, एखादा संदर्भ), तर प्रश्नच नाही. ते पाठवायचं, दोन ओळी लिहायच्या आणि थांबायचं. अशा वेळी लांबलचक मेल लिहून मागितलेली वस्तू त्यात हरवू देऊ नका.

त्यांनी काही मागितलं नाही, पण बोलणं खरोखर रंगलं होतं, अशी भेट सर्वांत जास्त वेळा होते. या लेखाचा मोठा भाग तिच्याबद्दलच आहे.

आणि नुसतंच हस्तांदोलन झालं असेल, दोन वाक्यांपलीकडे काही घडलं नसेल, तर मेल अगदी छोटा ठेवा किंवा लिंक्डइनवर दोन ओळींच्या संदेशासह विनंती पाठवा. जी जवळीक भेटीत नव्हती ती मेलमध्ये आणू नका.

कधी पाठवायचा

त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी सकाळी. भेट सुट्टीच्या आदल्या रात्री झाली असेल तर सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाठवला तरी चालेल. मेल लगेच लिहून ठेवा आणि जीमेलमधली ठरावीक वेळी पाठवण्याची सोय वापरा. समोरची व्यक्ती दुसऱ्या देशात असेल तर वेळ त्यांच्या घड्याळाप्रमाणे लावा.

उशीर झाला असेल, समजा दोन-तीन आठवडे उलटले असतील, तरी पाठवा. उशिराबद्दल अर्धं वाक्य पुरे. माफीचा परिच्छेद लिहिलात तर वाचणाऱ्याचं लक्ष उशिराकडेच जातं.

पत्ता कुठून मिळवायचा

व्हिजिटिंग कार्डावर असेल तर उत्तम. नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर बघा, नाहीतर ज्याने ओळख करून दिली त्याला विचारा: "त्यांना मेल करायचा आहे, पत्ता दिलास तर चालेल ना?" या विचारण्याचा आणखी एक फायदा म्हणजे मधल्या माणसाला अंधारात ठेवल्यासारखं होत नाही. नाव आणि आडनाव जोडून पाच वेगवेगळे पत्ते बनवायचे आणि सगळ्यांवर मेल सोडायचा, हा प्रकार करू नका. त्यांनी फोन नंबर दिला नसेल तर तो कुठूनतरी मिळवून व्हॉट्सअॅपवर संदेश टाकणं तर अजिबात नको. खासगी नंबर हा माणसाचा खासगीपणा आहे, आणि इथे पडलेली पहिली छाप पुसता येत नाही.

तुम्ही सध्या कुठे नोकरी करत असाल तर हा मेल स्वतःच्या खासगी खात्यावरूनच जायला हवा, ऑफिसच्या खात्यावरून नव्हे, आणि शक्यतो ऑफिसच्या लॅपटॉपवरूनही नव्हे. ऑफिसच्या यंत्रणेतून गेलेलं कंपनीला बघता येऊ शकतं, हे गृहीत धरून चालावं.

दोन मेल शेजारी शेजारी

मेल वाचणाऱ्यांच्या बाजूला मी बरीच वर्षं आहे. भेटीनंतर येणारे बहुतेक मेल साधारण असे असतात:

> विषय: नमस्कार
>
> आदरणीय मॅडम, काल आपली भेट झाली, खूप आनंद झाला. आपल्याशी बोलून बरंच शिकायला मिळालं. मी मेहनती, जिद्दी आणि टीममध्ये मिसळून काम करणारा उमेदवार आहे. आपल्या कंपनीत माझ्या योग्यतेनुसार काही संधी असल्यास कृपया कळवावे. सोबत सीव्ही जोडला आहे.

यात चुकीचं असं एक अक्षर नाही. पण हा मेल कोणीही कोणालाही पाठवू शकतं. वाचणाऱ्याला हा माणूस कोण ते आठवत नाही, कुठली संधी ते कळत नाही, आणि उत्तर द्यायचं तर आधी कंपनीत कुठे जागा आहे ते शोधावं लागतं. तेवढं काम कोणी करत नाही. मेल "नंतर बघू"मध्ये जातो आणि तिथेच राहतो.

आता याच भेटीवरचा दुसरा मेल बघा. लिहिणारा डेटा अॅनालिस्ट आहे, आणि तो मालवाहतूक करणाऱ्या कंपनीतल्या एका वरिष्ठ बाईंशी बोलला आहे:

> विषय: कालचा परिसंवाद आणि 'इतर'चा रकाना
>
> नमस्कार मॅडम,
>
> काल परिसंवाद संपल्यावर दाराशी आपण परत येणाऱ्या मालाबद्दल बोललो. रुग्णालयाच्या तक्रारींच्या डेटावर काम करणारा तो मी.
>
> माल परत का आला याचं कारण विचारलं की बहुतेक जण 'इतर' निवडतात आणि मग अहवालातून काहीच हाती लागत नाही, हे तुम्ही म्हणालात ते डोक्यात राहिलं. आमच्याकडेही हेच होत होतं. आम्ही 'इतर'खालच्या जुन्या नोंदी एकेक करून वाचल्या, त्यात पुन्हा पुन्हा येणारी सहा कारणं सापडली, ती यादीत घातली आणि 'इतर' तळाशी नेलं. त्यानंतर नोंदी कामाच्या झाल्या. ही पद्धत एका पानात लिहून सोबत पाठवत आहे. त्यात रुग्णालयाची कोणतीही माहिती नाही.
>
> तुमच्या टीममध्ये असं काम कसं चालतं ते समजून घ्यायला मला आवडेल. पुढच्या दोन आठवड्यांत पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का? मंगळवारी किंवा गुरुवारी चारनंतर मी मोकळा असतो, पण तुम्हाला सोयीची दुसरी कुठलीही वेळ चालेल.
>
> (नाव, फोन नंबर, लिंक्डइनची लिंक)

दुसऱ्या मेलमध्ये "मी मेहनती आहे" असं कुठेही नाही, तरी वाचून माणूस कामाचा वाटतो. संधीचा शब्दही नाही, पण याला आपल्याकडे काम करायला आवडेल हे त्या बाईंना न सांगता कळतं. आता याचे तुकडे वेगळे करून बघू.

विषयाची ओळ

फोनवर विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात, म्हणून ओळख पटवणारा शब्द सुरुवातीला हवा: भेटीची जागा, ओळख करून देणाऱ्याचं नाव किंवा बोलण्यातला खास मुद्दा. "नोकरीबाबत", "विनंती", "महत्त्वाचे" हे शब्द टाळा. विषयाची जागा रिकामी तर मुळीच सोडू नका.

पहिल्या दोन ओळी

त्यांनी त्या दिवशी कित्येक जणांशी हात मिळवला असेल. तुम्ही कोण हे आठवायचं ओझं त्यांच्यावर टाकू नका. कुठे भेटलो, कशावर बोललो आणि तुम्ही काय करता, एवढं दोन वाक्यांत सांगा. तुमच्या कपड्यांचा रंग किंवा तुम्ही कुठल्या रांगेत बसला होता यापेक्षा बोलण्याचा विषय सांगितला की माणूस पटकन आठवतो. संबोधन भेटीत जसं होतं तसंच ठेवा. त्यांनी स्वतःच नावाने हाक मारायला सांगितलं असेल तर मेलमध्ये "आदरणीय महोदय" वर जाऊ नका, आणि तिथे "मॅडम" म्हणत होता तर इथे एकदम पहिल्या नावावर येऊ नका. भाषेचंही तेच. ज्या भाषेत बोललात त्या भाषेत लिहा. मेल कंपनीत पुढे पाठवला जाईल असं वाटत असेल तरच तिथली कामकाजाची भाषा वापरा.

मधला परिच्छेद

सगळा जीव इथे ओता. भेटीतला एकच मुद्दा घ्यायचा. तीन घेतलेत तर मेल इतिवृत्तासारखा होतो. तो मुद्दा त्यांच्या बाजूचा असावा, म्हणजे त्यांची अडचण, त्यांचं मत, त्यांनी सुचवलेली एखादी गोष्ट. मग त्यात तुमची एक भर घाला.

भर कशी घालायची, यावर बहुतेक जण अडकतात. "माझ्याकडे देण्यासारखं काय आहे?" असं वाटतं, विशेषतः नुकतं शिक्षण संपलेल्यांना. भर मोठी असावी लागत नाही. त्यांनी सांगितलेलं तुम्ही करून बघितलंत आणि काय दिसलं ते लिहिलंत, तर ती भर आहे. त्यांनी सुचवलेला लेख वाचलात आणि त्यातला एक मुद्दा तुमच्या अनुभवाशी जुळला किंवा जुळला नाही, तीही भर आहे. एक नेमका प्रश्नसुद्धा चालतो, पण तो असा हवा की ज्याचं उत्तर इंटरनेटवर शोधून मिळणार नाही. नुसतं "तुमचं म्हणणं फार प्रेरणादायी होतं" यात काहीच भर नाही, ते कौतुक आहे. कौतुक खरं असेल तर एका वाक्यात करा आणि कोणत्या गोष्टीचं, तेही सांगा.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत आणि दोन्हींबद्दल मी आग्रही आहे. पहिली, तुमच्या आत्ताच्या किंवा आधीच्या मालकाची गोपनीय माहिती भर म्हणून देऊ नका. आकडे, ग्राहकांची नावं, अहवाल यातलं काही नको. पद्धत सांगा, माहिती नको. जो माणूस एका कंपनीची माहिती बाहेर देतो तो उद्या आपलीही देईल, हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. दुसरी, गप्पांमध्ये लोक मोकळं बोलतात. "आमच्याकडचा एक जण सोडून चालला आहे", "साहेबांना हे पटत नाही" असं काही तुमच्या कानावर आलं असेल तर ते मेलमध्ये लिहू नका, आडवळणानेही नको. मेल फॉरवर्ड होतो. कोण कोण वाचेल ते तुमच्या हातात नाही, आणि विश्वासाने बोललेलं वाक्य लेखी स्वरूपात फिरू लागलं तर अडचणीत ती व्यक्ती येईल. जागा रिकामी होणार हे तुम्हाला कळलं आहे, एवढं पुरेसं आहे. तुम्ही फक्त तुमचं काम आणि तुमची उत्सुकता सांगा.

मागणं एकच, आणि छोटं

शेवटी काहीतरी विचारायचंच, नाहीतर उत्तर द्यायला कारण उरत नाही. पण विचारणं असं हवं की फोनवरून एका ओळीत उत्तर देता येईल. "काही संधी असल्यास कळवा" याला एका ओळीत उत्तर नाही. "पंधरा मिनिटं बोलता येईल का?" याला आहे. "या विषयावर तुमच्या टीममधल्या कोणाशी बोलू?" यालाही आहे.

जागेची जाहिरात आधीच निघाली असेल तर सरळ लिहा, लपवाछपवी नको: "तुमच्याकडच्या अमुक जागेची जाहिरात पाहिली, अर्ज करायचा विचार आहे. अर्जात आपल्या भेटीचा उल्लेख केला तर चालेल का?" परवानगीशिवाय त्यांचं नाव अर्जात टाकू नका. आणि हे विचारेपर्यंत अर्ज थांबवून ठेवणं शहाणपणाचं. काही कंपन्यांत कर्मचाऱ्याने आधी नाव सुचवायचं आणि मग उमेदवाराने अर्ज करायचा अशी रीत असते. तुम्ही परस्पर अर्ज केलात तर त्यांना शब्द टाकायची इच्छा असूनही वाट बंद होते. अर्थात शेवटची तारीख उद्यावर आली असेल तर वाट बघू नका, अर्ज करा आणि तसं कळवा.

पगार, सुट्ट्या, घरून काम यातलं काहीही या मेलमध्ये नको.

सीव्ही जोडायचा का?

मागितला असेल तर जोडा. नसेल तर माझं मत नको असंच आहे. सीव्ही दिसला की मेल "अर्ज" होतो, आणि अर्ज हा एचआरकडे ढकलायचा कागद असतो. सहीखाली लिंक्डइनची लिंक द्या, ज्याला बघायचं तो बघेल. जोडायचाच असेल तर पीडीएफ, आणि फाइलच्या नावात तुमचं नाव. "फायनल-नवीन-२" या नावाची फाइल त्यांच्या फोल्डरमध्ये कोणाची म्हणून ओळखायची?

पाठवण्याआधी

पत्त्याचा रकाना सगळ्यात शेवटी भरा, म्हणजे अर्धवट मेल चुकून जाणार नाही. नावाचं स्पेलिंग कार्डाशी ताडून बघा. फाइल जोडल्याचं लिहिलं असेल तर ती खरंच जोडली आहे का ते बघा, आणि उघडूनही बघा. मग मेल स्वतःलाच पाठवून फोनवर वाचा. दोनदा अंगठा फिरवूनही संपत नसेल तर कापा. जीमेलमध्ये पाठवलेला मेल परत खेचायची मुदत सेटिंगमधून ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती वाढवून ठेवा.

एआयकडून मसुदा करून घेणाऱ्यांसाठी एक सूचना. नुसतं "भेटीनंतरचा मेल लिहून दे" म्हटलंत तर वर दाखवलेला पहिला मेलच मिळतो, जरा गुळगुळीत होऊन. त्या भेटीत काय बोललं गेलं हे फक्त तुम्हाला माहीत आहे. मधला परिच्छेद स्वतः लिहा. शुद्धलेखन तपासायला हवी तर मदत घ्या.

उत्तर आलं तर

एका दिवसात उत्तर द्या, त्याच मेलसाखळीत. "सीव्ही पाठव, मी पुढे देते" असं आलं तर एक वेगळा, नवा मेल पाठवा. विषयात तुमचं नाव आणि कामाचा प्रकार, मजकुरात तीन-चार ओळींत तुमची ओळख आणि सोबत सीव्ही. तो त्यांना जसाच्या तसा फॉरवर्ड करता यायला हवा, त्यात तुमच्या-त्यांच्या गप्पांचे संदर्भ नकोत. हा छोटासा विचार किती काम सोपं करतो ते पुढे पाठवणाऱ्यालाच कळतं.

ओळख करून देणाऱ्यालाही कळवा: मेल केला, उत्तर आलं, आभार. त्याने तुमच्यासाठी आपली पत वापरली आहे. पुढे काय झालं हे त्याला दुसऱ्याकडून कळू नये.

उत्तर आलं नाही तर

आठ-दहा कामाचे दिवस थांबा. मग त्याच मेलला रिप्लाय करून दोन ओळी लिहा:

> नमस्कार मॅडम, गडबडीत राहून गेलं असेल म्हणून पुन्हा लिहितो आहे. पंधरा मिनिटांसाठी पुढच्या महिन्यातली कुठलीही वेळ चालेल. आत्ता जमत नसेल तर तेही मी समजू शकतो.

"माझा मेल मिळाला नाही का?" हा सूर नको, त्यात जाब विचारल्याचा वास येतो. या दुसऱ्या मेललाही उत्तर नसेल तर तिसरा पाठवू नका, आणि लिंक्डइनवरून तोच प्रश्न फिरवून विचारू नका. उत्तर न येण्याची शंभर कारणं असतात. त्यातल्या बहुतेकांचा तुमच्याशी संबंध नसतो.

"सध्या जागा नाही" असं उत्तर आलं तर ते चांगलं उत्तर आहे, कारण कोणीतरी वेळ काढून लिहिलं आहे. आभार माना आणि विचारा: "साधारण कधी पुन्हा विचारलं तर चालेल?" त्यांनी जो महिना सांगितला तो कॅलेंडरमध्ये टाका. त्या महिन्यात नवा मेल सुरू न करता जुन्याच साखळीत लिहा, म्हणजे पहिलं बोलणं खाली तसंच दिसतं. आणि मधल्या काळात तुम्ही केलेलं एखादं काम त्यात एका ओळीत सांगा.